उलटं चालणारा कप्तान

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ईरी सरोवराकाठच्या त्या गावात माणसं दुपारी टर्की खाऊन फुगत. पाणघोडा मात्र सकाळीच फुगे. तीन मजली उंच गॅसचा फुगा, डोक्यावर बंबवाल्याची टोपी आणि चेहऱ्यावर निवडून आलेल्या माणसाचं हसू. त्याचं नाव 'पडल', म्हणजे डबकं. हॉलोरन यांच्या कपडे-बुटांच्या दुकानातली आजी-माजी नोकरमंडळी दोऱ्या धरून त्याला मिरवणुकीत फिरवत.

या मंडळींचा कप्तान डेनिस कॅव्हानॉ. जन्मभर त्याने लोकांच्या पायांत बूट घातले होते. आता त्याचं काम एकच, दातांत शिट्टी धरून, नजर फुग्यावर ठेवून, फुग्यापुढे उलटं चालायचं. आपण कुठे निघालोय हे त्याला सोडून सगळ्यांना दिसे. "लग्न झाल्यापासून सवय आहे," असं तो म्हणे.

दोरी ज्या प्लास्टिकच्या मुठीवर गुंडाळलेली असे, तिला ही मंडळी 'हाड' म्हणत. हाड हातात धरायचं, दोरी मनगटाला कधीच गुंडाळायची नाही आणि शिट्टी दोनदा वाजली की सगळ्यांनी सोडून द्यायचं. एवढेच नियम.

सकाळी तपासणी करताना डेनिस डाव्या बाजूला थबकला. तिथे साल विटाले उभा होता. एकेकाळचा नेकटाय विक्रेता, डेनिसचा जुना दोस्त. संधिवाताने त्याची बोटं आता मिटत नव्हती. हातमोज्याखाली मनगटावर दोरीचे दोन वेढे दिसले.

"साल, हे काय?"

"थंडी आहे. बाही खाली ओढलीय."

"बाहीला दोरीचं अस्तर लावतात होय?"

"बोंबलू नकोस रे! मिरवणूक समितीच्या बाईंनी ऐकलं तर मला कागद उधळणाऱ्या विदूषकांत ढकलतील. लाल नाक लावून बायकोसमोरून जाऊ? कोन्चेता तिकडे कोपऱ्यापलीकडे खुर्ची टाकून बसलीय. यंदा सांभाळून घे. पुढच्या वर्षी मीही खुर्ची टाकतो."

"आणि वारा सुटला तर?"

"तर वर जाईन. दुकानात तर कुणी वर चढवलं नाही."

दोघेही हसले. डेनिसने स्वतःच्या हाताने सालची बाही दोरीवर नीट ओढली आणि पुढे गेला.

मिरवणूक कोपऱ्यावर पोचली. तिथे सरोवराकडचा रस्ता येऊन मिळत होता. वारा तिथूनच आला, न सांगता. पडल मागच्या पायांवर उठल्यासारखा झाला आणि सगळ्यांना फरफटवत फुटपाथकडे झुकला. त्याचं पोट दिव्याच्या खांबाला भिडलं. खांब वाकू लागला. खाली पोरं बसली होती आणि पाणघोडा आपल्याला भेटायला आला म्हणून टाळ्या पिटत होती.

सोडला तर छपरांवरून निघून जाईल. धरला तर खांब पोरांवर आणील.

"साल! दोरी काढ!"

साल दातांनी वेढा ओढत होता. बोटं त्याचं ऐकत नव्हती.

"थांब, डेनिस! जरासा थांब!"

डेनिस थांबला. खांब करकरला. डेनिसने शिट्टी दोनदा फुंकली.

सगळ्यांनी हाडं सोडली. मंडळी शिस्तीची. पडल हसत हसत वर गेला आणि त्याच्यामागून साल गेला. बँड वाजतच होता.

"दरवर्षी काहीतरी नवीन काढतात हं!" गर्दीतल्या एका बाईने कौतुक केलं.

छपरांच्या उंचीवर दोरीने सालला सोडलं. टाळ्या थांबायला मात्र थोडा वेळ लागला.

डॉक्टरला फारसं काही करावं लागलं नाही. एका पोलीस शिपायाने आपला कोट सालच्या तोंडावरून पांघरला. समितीच्या बाईंनी विचारलं, "यांच्या घरचं कुणी आहे का?" मंडळींनी डेनिसकडे पाहिलं.

तो कोपरा वळला. पलीकडे काहीच पोचलं नव्हतं. लोक माना उंच करून पाणघोड्याची वाट बघत होते. औषधाच्या दुकानापुढे कोन्चेता घडीच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर घोंगडी, हातात थर्मास. दुसऱ्या कपात ती नुकतीच कॉफी ओतत होती.

"अगंबाई, डेनिस! तू आणि सरळ चालतोयस? पाणघोडा कुठे हरवलास?"

शिट्टी अजून त्याच्या दातांतच होती. ती काढली की बोलावं लागणार होतं. त्याने ती काढली.