शिरेतून जाणारं पाप

काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत त्या सकाळी विधवा शरदिनीबाई देवाची भांडी घासता घासता जागीच कलंडल्या. कावीळ किती दिवस अंगावर काढलेली! "सोवळ्यातली बाई इस्पितळातलं पाणी कसं पिणार?" म्हणत थोरले दीर ढुंढिराजशास्त्री काढेच पाजत बसले होते. मुलगी प्रमोदिनीनं कोणाला न विचारता रिक्षा आणली, म्हणून निदान इस्पितळ तरी दिसलं.

तोवर यकृतानं हात टेकले होते, रक्तात जंतू पसरले होते. आतडी काही घेईनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पंडितजी, नस से फैट देना होगा. थोड़ा-थोड़ा, लिवर देखते हुए. बदन में ताकत रहेगी तो दवा लड़ेगी."

"किस चीज का?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"सोयाबीन का तेल. घोलने के लिए अंडे का थोड़ा अंश."

झालं! शास्त्रीबुवा ताडकन उठले. "विधवेच्या अंगात अंडं? घराण्याला बट्टा! काशीत मरण आलं तर मोक्षच आहे."

मोक्ष म्हणे! स्वतःचे गुडघे धरले तेव्हा हाच गृहस्थ माशाच्या तेलाच्या गोळ्या बिनबोभाट गिळत होता, औषधाला दोष नसतो म्हणून.

कर्त्या पुरुषाचा नकार, म्हणून इस्पितळही गप्प. प्रमोदिनी काकांच्या पाया पडत राहिली, तेच तिचं चुकलं. अखेर ती डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहिली. "माँ मेरी है. लगाइए." त्या तेलाची पांढरी बाटली शिरेला लागली, पण फार उशिरा. शरदिनीबाई गेल्या. त्या बाटलीनं वाचल्याच असत्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. पण उपाशी माणसाला लढ म्हणणं हा कुठला न्याय?

अंगणात तिरडी बांधली, तर शास्त्रीबुवा पंचगव्य घेऊन आडवे आले. "देहात अंडं गेलंय. प्रायश्चित्ताशिवाय अग्नी द्यायचा नाही!"

"आईला उपाशी मारलंत तुम्ही, काका!" प्रमोदिनी कडाडली. "प्रायश्चित्त तुम्हीच घ्या. अग्नी मी देते."

"मुलगी अग्नी देणार? लाज आहे का काही?"

भोवती शहाणीसुरती माणसं उभी होती, वेद शिकलेली, विद्यापीठात शिकवणारी. काकांना बाजूला व्हा म्हणायला एकाचीही जीभ रेटली नाही. प्रमोदिनीनं विस्तवाचं मडकं उचललं, काकांना खांद्यानं सारलं आणि दारात जाऊन मागे वळली.

"कोण खांदा देतंय?" तिनं विचारलं.