एका पायरीचा लॉय

मित्रांनो, ओहायोतल्या डब्लिन नावाच्या गावात, एका गॅरेजच्या भिंतीवर मला टांगलेलं आहे. मला पाहणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, "याची दुसरी बाजू कुठे गेली?" म्हणून माझी गोष्ट मी तिथूनच सुरू करतो.

माझं नाव लॉय. आयर्लंडच्या पश्चिमेकडे जमीन खणायला मला वापरत. उंच, जड लाकडी दांडा, खाली चिंचोळं लोखंडी पातं आणि पातं मातीत दाबायला पाय ठेवायची एक पायरी. एकच. ती उजव्या बाजूला आहे. डावीकडे काही नाही आणि कधी नव्हतंही. मला घडवणाऱ्या लोहाराने माझ्या मालकाला आधी चालून दाखवायला सांगितलं, मग त्याचा पाय पाहिला, मग शेतातली मूठभर माती बोटांत चुरली आणि त्यानंतर भट्टी पेटवली. इतक्या काळजीने घडवलेलं अवजार मी पुन्हा पाहिलं नाही.

माझा मालक पॅट्रिक किल्ब्राइड. १९०६ साली, एकवीस वर्षांचा असताना तो अमेरिकेला निघाला. इतरांनी पेट्यांत कपडे भरले, याने मला गोणपाटात गुंडाळून बरोबर घेतलं. बोटीवर लोक त्याला हसले. इथे आल्यावर आम्ही दोघांनी मिळून बटाट्याचे वाफे काढले, शेजाऱ्यांचे चर खणले, सफरचंदाची अकरा झाडं लावली. "पॅट्रिकच्या वाफ्यासारखा सरळ वाफा या भागात नाही," असं लोक म्हणायचे. ते ऐकून तो माझ्या दांड्यावरून हात फिरवायचा. तो १९६६ मध्ये गेला. तेव्हापासून मी भिंतीवर आहे. माझ्यावर गंज चढला, कोळ्यांनी जाळी विणली आणि एकदा तर कोणीतरी माझ्यावर पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवला, तो सहा वर्षं तसाच होता.

हे गॅरेज पॅट्रिकची नात मोरीन हिचं, ती आता एकोणऐंशी वर्षांची आहे. तिने चाळीस वर्षं शाळेची बस चालवली. शेजारी राहणारी उपासना मेश्राम आठ वर्षांची असताना नागपूरहून इथे आली आणि त्याच बसमधून शाळेत जाऊ लागली. आज ती मृदाशास्त्रातली पदवीधर आहे, पण मोरीनला अजून मोरीनआजी म्हणते आणि मोरीनही तिच्या घरी गेली की "चहा, प्लीज" असं अगदी बरोबर म्हणते.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मोरीनच्या कंबरेच्या हाडाचं ऑपरेशन ठरवलं. त्याआधी एक छोटा प्रवास चालेल, पाच दिवसांचा, त्यानंतर लांबचा प्रवास विसरा, असं ते म्हणाले. मोरीनने एका क्षणात सांगितलं, "आजोबा ज्या शेतातून निघाले, त्या शेतात मला एकदा उभं राहायचंय." अडचण एवढीच होती की ते शेत कुठल्या गावात आहे, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

हे सगळं बोलणं माझ्यासमोरच झालं. गॅरेजचं दार उघडं होतं आणि मोरीन, उपासना आणि उपासनाचे बाबा प्रफुल्लकाका तिथेच खुर्च्या टाकून बसले होते.

"आडनाव किल्ब्राइड ना?" प्रफुल्लकाका म्हणाले. "मग गाव किल्ब्राइडच असणार. आमच्याकडे चांदूरकर चांदूरचा, अकोलकर अकोल्याचा. सिंपल आहे!"

उपासनाने फोनवर नकाशा उघडला. आयर्लंडमधल्या डब्लिन शहरापासून जवळच किल्ब्राइड नावाचं गाव सापडलं. "आहे की, बाबा!" ती ओरडली. एरवी मातीचा एक नमुना तीनदा तपासणारी ही मुलगी त्या दिवशी आनंदाच्या भरात एकदाच पाहून थांबली. तिकीट काढायला फोन केला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "डब्लिनहून डब्लिनला? मॅडम, तुम्ही पोहोचलेल्याच आहात." मोरीन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हॉटेल ठरलं, गाडी ठरली.

मी मात्र भिंतीवर तळमळत होतो. किल्ब्राइड नावाच्या गावाची माती माझ्या पात्याला कधी लागलीच नव्हती. पण सांगणार कसं?

प्रवासाला तीन आठवडे उरले असताना प्रफुल्लकाकांनी मला खाली उतरवलं. त्यांचा हेतू फार चांगला होता. मोरीनला निरोप देताना मला दुरुस्त करून द्यायचं, डावीकडे ओकच्या लाकडाची नवी पायरी बसवायची. त्यांनी मला शिकंज्यात आवळलं, पेन्सिलीने दोन खुणा केल्या आणि ड्रिल हातात घेतलं. तेवढ्यात उपासना आत आली.

"बाबा, थांबा! काय करताय?"

"अगं, तुटलंय ते. सरप्राइज आहे आजीला."

"तुटलंय कशावरून?"

"दिसत नाही का? एक पायरी आहे, एक गायब आहे."

उपासनाने ड्रिल त्यांच्या हातातून काढून घेतलं. मग भिंग आणून तिने माझी डावी कड पाहिली. बोट फिरवलं, पुन्हा पाहिलं. "बाबा, लाकूड तुटलं तर तंतू फाटतात, कड खरखरीत होते. ही कड रंध्याने तासलेली आहे. खिळ्याचं भोकही नाही. आणि उजवी पायरी बघा, बुटाने किती झिजलीय. याला मुळात एकच पायरी होती." ती क्षणभर थांबली. "कोणीतरी मुद्दाम असं घडवलंय. मग कुठे घडवतात असं?"

मित्रांनो, साठ वर्षांत मला हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला.

तिने माझे चौदा फोटो काढले, पात्याची रुंदी आणि कोन मोजला आणि सगळं आयर्लंडमधल्या शेती अवजारांच्या एका संग्रहालयाला पाठवलं. चार दिवसांनी तिथल्या बाईंचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की प्रत्येक लोहार आपल्या भागातल्या मातीप्रमाणे लॉय घडवायचा आणि असं अरुंद, किंचित वळलेलं पातं लीट्रिम परगण्यातल्या एका टेकडीच्या आसपासच मिळतं. किल्ब्राइड नावाची गावं तर आयर्लंडभर विखुरलेली आहेत, पण आडनावाचा त्यांच्याशी संबंध नाही. गावाच्या नावातला 'किल' म्हणजे चर्च आणि आडनावातला 'किल' म्हणजे सेवक. संत ब्रिजिडच्या सेवकाचे वंशज, ते किल्ब्राइड.

उपासनाने हे वाचून दाखवलं आणि वडिलांकडे पाहिलं. "बाबा, आपलं आडनाव मेश्राम. मेश्राम नावाचं गाव कुठे आहे?"

प्रफुल्लकाकांनी डोकं खाजवलं. "हे तेव्हा सुचायला पाहिजे होतं, यार."

टेकडीजवळच्या चर्चला विचारल्यावर तिथल्या जुन्या वहीत १८८५ सालची बाप्तिस्म्याची नोंद सापडली. पॅट्रिक किल्ब्राइड, वस्ती ड्रमकोरा. उपासना ती नोंद घेऊन मोरीनकडे गेली आणि मान खाली घालून म्हणाली, "आजी, माझी चूक झाली. पडताळून न पाहता मी तुम्हाला भलत्याच गावी पाठवत होते."

मोरीनने तिची हनुवटी वर केली. "चाळीस वर्षं बस चालवली मी. चुकीचं वळण घेतलं की रडत बसायचं नसतं. पुढच्या सिग्नलला गाडी फिरवायची." मग तिने 'ड्रमकोरा' हा शब्द तीनदा मोठ्याने म्हटला.

सगळं बुकिंग कॅन्सल करून नव्याने केलं. उपासनाला बरोबर जाता आलं नाही, कारण तिचे व्हिसाचे कागद अजून अडकलेले होते. पण पाच दिवसांतला प्रत्येक तास तिने आखून दिला होता. तिसऱ्या दिवशी फोन आला. उपासना आणि प्रफुल्लकाका गॅरेजमध्ये, माझ्या समोरच उभे होते. पडद्यावर वारा होता, उतारावरचं हिरवं शेत होतं आणि दगडी कुंपणाला टेकून मोरीन उभी होती.

"आजी, माती कशी आहे?" उपासनाने पहिला प्रश्न हाच विचारला.

"ओली आहे. जड आहे." मोरीन खाली पाहून हसली. "बुटाला धरून बसलीय, सोडतच नाही बघ मला."

त्या मुलीचा मला फार अभिमान वाटला. चूक मान्य करायला लागतं तेवढं धैर्य आणि शोधायला लागते तेवढी चिकाटी, दोन्ही तिच्याकडे होती.

फोन ठेवल्यावर तिने वही उघडली. "बाबा, आता तुमचं सांगा. गाव, तालुका, जिल्हा. स्पेलिंगसकट."

"अगं, मी कुठे पळून चाललोय?"

"सांगा ना!"

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिचा गंज घासा, लाकडाला वर्षातून एकदा जवसाचं तेल लावा. आणि ती कुठून आली, हे सांगणारं माणूस घरात असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा. पॅट्रिक साठ वर्षं या देशात राहिला. तो काही अबोल नव्हता. त्याला कोणी विचारलं असतं, तर त्याने लगेच सांगितलं असतं.