डाव्या बाजूची गाडी

सुतारकाकांचा डावा डोळा लहानपणीच गेला होता. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांनी साठी ओलांडली. खोकी बनवण्याच्या कारखान्यात त्यांचं करवतीचं टेबल भिंतीला लागून असे आणि भिंत त्यांच्या डाव्या हाताला. तिकडून काही येणारच नाही, तर दिसायचं कशाला?

मग तिथे मुकादम म्हणून त्यांचा मेहुणाच आला. बायकोचा धाकटा भाऊ. 'आमच्या ताईच्या गळ्यात काणा बांधला' म्हणून लग्नातच त्याने तोंड वाकडं केलं होतं, ते अजून सरळ झालं नव्हतं. आल्या आल्या त्याने टेबल मधोमध आणलं. फळ्यांच्या ढकलगाड्या आता काकांच्या डावीकडून जाऊ लागल्या.

"टेबल उलटं फिरव," काका म्हणाले. "गाड्या उजवीकडून गेल्या तर मला दिसतील."

"भाऊजी, तुमच्या एका डोळ्यासाठी अख्खा कारखाना फिरवू? झेपत नसेल तर घरी बसा."

"घरी बसवायलाच हलवलंस ना?"

"तसं समजा."

बाजूचे दोघे फिदीफिदी हसले. काकांनी पुन्हा विचारलं, तर त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घरी बायको म्हणाली, "त्याच्याशी वाकड्यात शिरू नका. तोंडाचा फटकळ आहे, मनाचा नाही." काका दातओठ खात कामावर जात राहिले. सारखी मान डावीकडे वळवून वळवून ती आखडली.

एका दुपारी त्यांनी मान वळवली नाही. नेमकी तेव्हाच गाडी आली. बाहेर आलेली एक फळी त्यांच्या कोपरावर आदळली आणि हात पात्याखाली गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तुटून पडलं.

दोन दिवसांनी मेहुणा दवाखान्यात आला. बायको उशाशी बसली होती.

"चौकशीला साहेब येतायत," तो म्हणाला. "तुमचंच लक्ष नव्हतं, एवढंच त्यांना सांगा. नाहीतर माझ्यावर शेकेल."

"बोटं तुटली तेव्हा तू काय म्हणालास, ते सांग तुझ्या ताईला."

तो खिशात काहीतरी चाचपू लागला. मग काकांनीच सांगितलं, "म्हणाला, हात बाजूला धरा, फळ्यांना रक्त लागतंय."

बायकोने भावाकडे पाहिलं. "असं म्हणालास?"

"गडबडीत निघून गेलं गं तोंडातून."

"चालता हो," ती म्हणाली. "आणि माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

साहेब आले तेव्हा काकांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. मुकादमाची मुकादमी गेली. गाड्यांची वाट बदलेपर्यंत करवती बंद ठेवायचा हुकूम निघाला, आणि करवतीवरच्या सगळ्यांना बिनपगारी घरी बसावं लागलं.

जखम भरल्यावर काका कामावर परतले, खिळे ठोकायच्या कामावर. हातोडी उजव्या हातात, खिळा उरलेल्या बोटांत. जेवणाच्या सुट्टीत ते बाकावर बसले, तसे शेजारचे दोघे आपापले डबे उचलून उठले.

"एकाने बोटं घालवली आणि उपाशी आम्ही राहिलो," त्यातला एक मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाला.

"तुझी शाबूत आहेत ना?" काका म्हणाले. "मग खा त्यांनीच."

आणि त्यांनी आपला डबा उघडला.