न विचारता टाकलेला व्हिडिओ

एका हाताने काम आणि दुसऱ्या हातात फोन, ही सवय आता कुणाला नाही? बेकरीत केक सजवणाऱ्या ताईलाही ती होती. केकवर क्रीमची फुलं काढायची, त्यांचा व्हिडिओ करायचा आणि फोनवरच्या आपल्या पेजवर टाकायचा. फुलं खरोखर देखणी असत. बघता बघता हजारो लोक तिचं पेज बघू लागले. बेकरीचा मालक कौतुकाने म्हणायचा, "आमच्या पावापेक्षा हिचा फोन जास्त फुगतो!"

पण त्या आठवड्यात ताईचं मन फुलांत नव्हतं. तिचा धाकटा भाऊ परदेशात व्हायोलिन शिकवायचा. तिशी उलटली तरी घरात तो छोटूच. तिथल्याच एका शिक्षिकेशी त्याने लग्न केलं होतं. त्या देशात निवडणूक झाली. मतमोजणी निम्म्यावर आली आणि केंद्रातले दिवे गेले. दिवे आले तेव्हा हरत आलेले सत्ताधारी जिंकले होते! मोजणीला बसलेल्या शिक्षकांना अंधारातच बाहेर काढलं होतं. त्यांत ताईची भावजयही होती.

सोमवारी दुपारी छोटूने एक व्हिडिओ पाठवला. मोजणीच्या इमारतीसमोर पंधरा-वीस शिक्षक स्वतःच्या तोंडावर हात ठेवून मुकाट उभे होते. सर्वांत पुढे पांढऱ्या केसांच्या मुख्याध्यापिका, त्यांच्या शेजारी भावजय. खाली छोटूने एवढंच लिहिलं होतं, 'तुला कळावं म्हणून पाठवतोय.'

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसाढवळ्या मतांवर डल्ला मारायचा आणि जगाने केकची फुलं बघत बसायचं? तिने हात पुसले आणि व्हिडिओ पेजवर टाकला. तेवढ्याने तिचं समाधान होईना. गोळीबारात शंभर माणसं गेली, असं तिने सकाळी कुठेतरी वाचलं होतं. तेही तिने वर ठोकून दिलं: 'शंभर निरपराध मारले! आता तरी जागे व्हा!'

लोक जागे झालेच म्हणायचे! संध्याकाळपर्यंत व्हिडिओ कुठल्या कुठे पोचला. अनोळखी माणसं तिला 'वाघीण' म्हणू लागली. ताईची छाती अभिमानाने भरून आली.

मंगळवारी तिने ही बातमी सांगायला छोटूला फोन केला. फोन बंद. भावजयीचा लावला. तोही बंद. दुपारपर्यंत ती दोन्ही नंबर आळीपाळीने लावत राहिली. आणि मग कुणीतरी तिला तिथल्या सरकारी वाहिनीची एक चित्रफीत पाठवली.

पडद्यावर ताईचंच पेज होतं! खाली भाषांतर सरकत होतं: 'एकही गोळी सुटलेली नाही, आणि म्हणे शंभर मेले! परदेशातली केकवाली आता आपल्याला लोकशाही शिकवणार!' निवेदक हसत होता. मग तो हसायचा थांबला. त्याने व्हिडिओ एका जागी थांबवला, आणि एकेका शिक्षकाच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ उमटू लागलं. मुख्याध्यापिका. भावजय. त्यांच्या मागचा चष्मेवाला तरुण.

ताई बेकरीतून तडक घरी आली. घरात नवऱ्याची आत्या होती. आत्याबाईंनी उभी हयात रेडिओवर बातम्या वाचण्यात घालवली होती. त्यांनी चित्रफीत शेवटपर्यंत बघितली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"आत्याबाई, मी खरं तेच दाखवलं ना हो?"

"व्हिडिओ खरा होता. पण आकडा? तो कुणी सांगितला तुला?"

"वाचला होता... कुठेतरी."

"हा 'कुठेतरी' कधी साक्षीला येत नाही, सूनबाई. तिथे मतांची चोरी झाली, हे खरं. पण तू त्यात खोट्या शंभर मढ्यांची भर घातलीस. आता त्यांना चोरीबद्दल बोलायची गरजच उरली नाही. तुझं एक खोटं दाखवलं की त्या सगळ्यांचं खरं झाकलं जातं!"

"आणि ते चेहरे..." ताई कळवळून म्हणाली, "पण ते तर उघड्यावर उभे होते ना!"

"तिथे उभं राहायचं, हे त्यांनी ठरवलं. जगभर फिरायचं, हे कुणी ठरवलं? तू! एकाला तरी विचारलंस? जोखीम त्यांची आणि शाबासकी तुझी, असं कसं चालेल?"

ताईला रडू कोसळलं. "सगळं पुसून टाकते. पेजच बंद करते. कानाला खडा! पुन्हा या भानगडीत पडायची नाही."

"व्हिडिओ पूस. आत्ताच्या आत्ता पूस. पण गप्प बसलीस, तर त्यांना हवं तेच होईल. आधी स्वतःच्या तोंडाने सांग की आकडा चुकीचा होता."

ताईने व्हिडिओ काढून टाकला आणि चूक कबूल केली. ती कबुली फार थोड्यांनी वाचली. कालपर्यंत वाघीण म्हणणारे विचारू लागले, 'घाबरलीस का? की विकली गेलीस?' व्हिडिओ तर दुसऱ्यांच्या पेजवर फिरतच होता. सुटलेला बाण तो, परत कसा येणार?

पुढचे दिवस ताईने जीव मुठीत धरून काढले. फोन वाजला की ती क्रीमचे हात न पुसताच धावायची. एका वाढदिवसाच्या केकवर तिने 'शुभेच्छा' लिहायच्या जागी नुसतंच 'इच्छा' लिहिलं. मालकाने तो केक बाजूला ठेवला. त्या देशातल्या आपल्या वकिलातीत ती रोज फोन करून चौकशी करायची; तिथली बाई आता तिचा आवाजही ओळखू लागली होती. उत्तर मात्र एकच, "माहिती नाही."

शुक्रवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, मी बोलतोय. आम्ही एका मित्राकडे आहोत."

"आणि ती? ती कुठंय?"

"काल सोडलं तिला. नुसतं बसवून ठेवलं होतं, हात नाही लावला. नोकरी गेली. मुख्याध्यापिकाबाई अजून आतच आहेत."

"छोटू, हे माझ्यामुळे..."

तो हळू आवाजात म्हणाला, "हो ताई. तुझ्यामुळे."

ताईला वाटलं होतं, तो नाही म्हणेल. तो म्हणाला नाही.

मग भावजयीने फोन घेतला. तिचं मराठी मोडकंतोडकं, पण शब्द न् शब्द स्वच्छ होता. "ताई, रडू नका. बोला. पण आता मी सांगते तेच बोला."

तिने स्वतः पाहिलं तेवढंच सांगितलं. दिवे केव्हा गेले, कुणाला बाहेर काढलं, परत आत का येऊ दिलं नाही. गोळी सुटली नाही, हेही सांगितलं. भावजयीने मुख्याध्यापिकांच्या मुलीला नाव घ्यायचं का असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आईचं नाव जरूर घ्या. ज्याचं नाव बाहेर घेतलं जातं, त्या माणसाला आत गायब करणं अवघड जातं." बाकी कुणाचंही नाव घ्यायचं नाही, असं ठरलं.

भावजयीचा आवाज कुणी ओळखू नये, म्हणून तिचं निवेदन आत्याबाईंनी वाचलं. बेकरीच्या मागच्या खोलीत पंखा बंद करून, घाम पुसत, एकाही शब्दावर उगाच जोर न देता. पडद्यावर अक्षरांशिवाय काहीच नव्हतं.

ताईने ते पेजवर टाकलं; ते वणव्यासारखं पसरलं नाही. पण शहरातल्या शिक्षक संघटनेने ते ऐकलं आणि ताईला बोलावून उलटसुलट प्रश्न विचारले. या वेळी ताईकडे प्रत्येकाचं उत्तर होतं. आणि जे माहीत नव्हतं, ते "माहीत नाही" म्हणून सांगायची हिंमतही होती! संघटनेने इतर देशांतल्या संघटनांना कळवलं. सगळीकडून त्या एकाच नावाची विचारणा होऊ लागली. आधी वकिलाला भेटू दिलं, आणि पुढच्या महिन्यात मुख्याध्यापिका घरी आल्या.

निकाल बदलला नाही. फेरमोजणीची मागणी अजून चालू आहे. भावजयीला नोकरी परत मिळालेली नाही, आणि ताईने दर वेळी फोनवर माफी मागू नये म्हणून तीच आधी विषय बदलते.

वाचकहो, दूरदेशीच्या अन्यायाने आपलं रक्त खवळतं, हे चांगलंच आहे. ते खवळायलाच हवं! पण फोनवर बोट टेकवण्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारा. हे खरं आहे, हे मला कशावरून माहीत? आणि हे पसरलं, तर किंमत कोण मोजणार? किंमत दुसरा कुणी मोजणार असेल, तर बोलायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क त्याचा. त्याने 'बोला' म्हटलं, तर मात्र गप्प बसू नका.