एका माणसाचं लाकूड

“धरा बघू. असं नाही मावशी, दोन्ही हातांनी. डावा हात वरच्या दांडीवर.”

दुकानदाराने पेट्रोलवर चालणारं, लाकूड कापायचं चेनसॉ काउंटरवरून उचलून धाकटीच्या हातात दिलं. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण उजव्या खांद्यात लगेच कळ उठली. चौतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून तो खांदा कामातून गेला होता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी कूस बदलताना अजून जाग यायची.

“जड आहे,” स्टुलावर बसलेली थोरली म्हणाली.

“कुठे जड, जाऊबाई? येतंय पेलता.”

“तुझं तोंड सांगतंय ना.”

दुकानदार हसला. पन्नाशीचा माणूस, कानामागे पेन्सिल, बोटांच्या रेषांत ऑइल मुरलेलं. दुपारची वेळ होती आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे त्याला घाई नव्हती. “टाकी रिकामी आहे. मशीन खाली ठेवून नुसती दोरी ओढून बघा. हळू नाही, झटक्यात.”

पहिल्यांदा दोरी अर्धीच आली. दुसऱ्यांदा पूर्ण आली. तिसऱ्यांदा धाकटीच्या तोंडून ‘आई गं’ निघालं आणि तिने ते खोकल्यात दडपलं.

“उचल रे बाबा ते,” थोरली म्हणाली. “हे आमच्याच्याने नाही व्हायचं. दुसरं दाखव.”

दोघी सख्ख्या जावा. थोरली एकाहत्तरची, धाकटी एकसष्टची. धाकटी लग्न होऊन त्या घरात आली त्याला चाळीस वर्षं झाली. त्यांतली छत्तीस दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना, दोन शेगड्या पेटवून राहिल्या, पहिली वीस तर अबोला धरून. भांडण कशावरून झालं ते आता दोघींनाही धड सांगता आलं नसतं. थोरलीची मुलगी मात्र भिंत मानत नसे. ती जेवायला इकडे आणि झोपायला तिकडे अशीच वाढली. धाकटीला मूल नव्हतं. पुढे मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. नऊ वर्षांपूर्वी थोरला दीर गेला, चार वर्षांपूर्वी धाकटीचा नवरा. त्याच्या मागोमाग आलेल्या हिवाळ्यात थोरली आपली उशी काखेत मारून धाकटीच्या दारात उभी राहिली. “दोन शेगड्या कशाला जाळायच्या?” एवढंच म्हणाली. तेव्हापासून एकच शेगडी.

पण थोरलीची छाती नाजूक होती. खोली दिवसरात्र ऊबदार ठेवावी लागे आणि त्याला लाकूडही तेवढंच लागे. दरवर्षी थंडीआधी पैलवान म्हणून एक गडी आपलं मशीन घेऊन यायचा आणि परसातले ओंडके कापून द्यायचा. पैलवान नावापुरताच, कमरेला पट्टा बांधून यायचा. यंदा त्याचा निरोप आला, डॉक्टरने वाकायला बंदी केली आहे. ओंडके तर येऊन पडले होते. धाकटीने हातकरवतीने दोन दिवसांत तीन ओंडके कापले आणि तिसऱ्या दिवशी तिला स्वतःचे केस विंचरता येईनात.

“जाडी किती आहे ओंडक्यांची?” दुकानदाराने विचारलं.

धाकटी हातांनी दाखवायला लागली, तेवढ्यात थोरलीने पिशवीतून सुतळीचा तुकडा काढून काउंटरवर टाकला. त्याला एके ठिकाणी गाठ होती. “सगळ्यात जाड ओंडक्याला गुंडाळून आणली आहे. गाठीपर्यंत.”

“वा आजी! माप घेऊन कुणी येत नाही. लोक हात पसरून दाखवतात, आणि इथे येईपर्यंत झाड वाढलेलं असतं.” त्याने सुतळी फुटपट्टीवर धरली. “हा घेर झाला. त्याला तीनने भागायचं. म्हणजे दहा इंच. चौदा इंची बार, म्हणजे ही चेनची पट्टी, पुष्कळ झाला. मोठ्याच्या फंदात पडू नका, नुसतं वजन वाढतं.”

मग त्याने वायरीवर चालणारं मशीन काढलं. बटण दाबलं की चालू, सोडलं की बंद. दोरी नाही, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं नाही. जंगलात न्यायचं असतं तर वायर नडली असती. परसात काय, खिडकीतून जोडणी घ्या. बॅटरीवरचंही एक होतं, पण ते दर अर्ध्या तासाने चार्जिंगला लावा, आणि दोन वर्षांनी बॅटरी बदला. धाकटीने वायरीवरचं उचलून पाहिलं. खांदा कुरकुरला, पण ओरडला नाही.

थोरली मुलीसाठी स्थळ बघायला आल्यासारखी एकेक गोष्ट खोदून विचारत होती. धार गेली की काय करायचं? चेनला ऑइल कुठून घालायचं? चेन निसटली तर? हात घसरला तर आपोआप थांबतं का? स्वतः तर कापणार नाही, तरी ही एवढं का विचारते आहे, असं धाकटीला वाटून गेलं.

“आता एक सांगा,” दुकानदार म्हणाला, “वर्षाला लाकूड किती लागतं? घरात माणसं किती?”

“दोन,” धाकटी म्हणाली.

“एक,” थोरली म्हणाली.

दोघी एकदमच बोलल्या. दुकानदाराने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं, आणि कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागे ठेवली.

“एक धर,” थोरली त्याला म्हणाली. “एका माणसाला एवढं मशीन पुरेल ना?”

“पुरेल की, आजी. आरामात पुरेल.”

धाकटी थोरलीकडे बघत राहिली. थोरली सुतळी बोटाला गुंडाळत होती. परक्या माणसासमोर काय बोलायचं? धाकटीने हातातलं मशीन अलगद काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, “हेच द्या.”

दुकानदाराने खोक्यावर हातमोजे आणि भुसा डोळ्यांत जाऊ नये म्हणून लावायचा चष्मा ठेवला. “खांद्याच्या वर कधी उचलायचं नाही. आणि हे पुढचं टोक लाकडाला टेकवायचं नाही, मशीन अंगावर उसळतं. दमल्यावर चालवायचं नाही.”

“मग चालवायचं कधी?” धाकटी म्हणाली. दुकानदार हसला. तिने काही गमतीने म्हटलं नव्हतं.

वॉरंटीच्या कार्डावर लिहायला त्याने नाव विचारलं. धाकटीने सांगितलं. थोरलीने मान वर करून पाहिलं. घरात आणि गल्लीतही ती धाकटीच होती. हे नाव थोरलीने कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

खोक्याला दोरीच्या दोन कड्या होत्या. एक एकीने धरली, एक दुसरीने. दर शंभर पावलांवर खोकं खाली ठेवावं लागत होतं, कधी थोरलीच्या गुडघ्यांसाठी, कधी धाकटीच्या खांद्यासाठी. टपाल कचेरीसमोरच्या बाकावर त्या टेकल्या.

“कधी ठरलं?”

“झाले आठ दिवस. पोरगी बुधवारी न्यायला येते आहे, गुरुवारी निघायचं.”

“आणि मला कधी सांगणार होता?”

“आता सांगितलं की.”

“दुकानदाराला सांगितलंत तुम्ही. मी आपली शेजारी उभी होते.”

थोरली समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, “पोरगी मागेच लागली आहे. तिच्याकडे इमारतीतच गरम पाण्याचे नळ फिरवले आहेत, खोल्या आपोआप तापतात. छातीला बरं पडेल. आणि लेकीचं मन किती मोडायचं?”

लेक ती लेकच. धाकटीने आपली कडी उचलली. “चला, ऊन आहे तोवर पोचू.”

त्या संध्याकाळी थोरली झोपायच्या खोलीत कपड्यांची लावालाव करत होती. धाकटीने फोन घेऊन मागचं दार लोटलं आणि परसात जाऊन पुतणीला फोन लावला. तिला भांडायचं नव्हतं. औषधांच्या वेळा सांगायच्या होत्या, आणि जमलं तर थोडं रागवायचं होतं.

“तू मला तरी आधी विचारायचंस, बाळा,” ती म्हणाली. “एवढं मागे लागायचं काय होतं?”

“मी? काकू, मी कुठे मागे लागले?” पुतणी म्हणाली. “दोन वर्षं विचारून विचारून मीच थकले होते. नाहीच म्हणायची, धाकटीला सोडून येत नाही म्हणायची. मागच्या आठवड्यात तिचाच फोन आला, मला घेऊन जा म्हणून. मला वाटलं, तुमचं दोघींचं काही बिनसलं. बिनसलंय का?”

“नाही गं.”

“मग?”

“काही नाही. झोपताना तिला दोन उशा लागतात. एका उशीवर खोकला येतो.”

फोन बंद करून ती ओंडक्यांच्या ढिगाशी उभी राहिली. ताडपत्रीचं एक टोक वाऱ्याने उडत होतं. तिने त्यावर दगड ठेवला आणि आत जाऊन जेवणाची ताटं घेतली. थोरलीला काही विचारलं नाही. बुधवारपर्यंत दोघी नेहमीसारखंच बोलत राहिल्या, भाजीबद्दल, नळाबद्दल. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

गुरुवारी बस अकराची होती. पुतणी आदल्या दिवशीच आली होती. ती आत बॅग बांधत होती. धाकटीने नऊ वाजता खिडकीतून वायर काढली, परसात मशीन जोडलं, हातमोजे चढवले आणि पहिला ओंडका लाकडी घोडीवर ठेवला. घोडी दिराने केलेली, फुलीच्या दोन जोड्या ठोकून. प्रवासाचे कपडे घालून थोरली दारात येऊन उभी राहिली.

“आजच कशाला?”

“तुम्ही बघून जा. नाहीतर तिकडे जिवाला घोर लावून बसाल, हिने हात कापून घेतला की काय.”

तिने बटण दाबलं. आवाज मोठा होता, पण पैलवानाच्या मशीनसारखा गल्ली हादरवणारा नव्हता. बार लाकडात उतरत गेला आणि तुकडा खाली पडला. दुसरा पडला. हातकरवतीला अर्धा तास लागायचा त्याला एक मिनिटही लागलं नव्हतं. धाकटीने बटण सोडलं. खांदा दुखत होता, पण सोसण्याइतका.

“झालं?” थोरली म्हणाली. “येतंय तुला.”

“येतंय. दोघींचं कापायलाही येईल.” धाकटीने वर पाहिलं नाही. “पोरीशी बोलले मी. तिकीट अजून परत करता येतं.”

थोरली पायऱ्या उतरून हळूहळू परसात आली. “मागच्या हिवाळ्यात तू इथे लाकडं फोडायचीस आणि घाव घातला की कण्हायचीस. मला आत ऐकू यायचं. गुडघे गेलेत गं माझे, कान नाही गेले. मग आत येऊन तू शेगडीत दोन लाकडं जास्त सारायचीस, मला थंडी वाजू नये म्हणून. मी पांघरुणात तोंड घालून पडून राहायचे. मशीन आलं म्हणून काय झालं? लाकूड उचलायचं कुणी? रचायचं कुणी? एका माणसाचं आणि दोन माणसांचं यात फरक आहे, धाकटे.”

“मी कधी काही म्हटलं?”

“नाही म्हटलंस. म्हणून तर.”

आतून पुतणीने हाक मारली, आई, चष्म्याची डबी कुठे आहे? थोरलीने ओ दिली नाही. तिने हात पुढे केला. “मला एक कापू दे.”

“अहो, काहीतरीच काय! कपडे बघा तुमचे.”

“झटकता येतील. हातमोजे दे इकडे.”

धाकटीने हातमोजे काढून दिले. दुकानदाराने दिलेला चष्मा थोरलीच्या चष्म्यावर नीट बसेना, तो धाकटीने मागून दाबून बसवला. मग ती तिच्या पाठीशी उभी राहिली आणि दोन्ही बाजूंनी हात घालून तिच्या हातांवर आपले हात ठेवले. थोरली अंगाने किती उतरली होती, ते तिला तेव्हा कळलं. चाळीस वर्षांत त्या इतक्या जवळ कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

“टोक टेकवायचं नाही,” थोरली म्हणाली.

“माहीत आहे. दाबा बटण.”

मशीन सुरू झालं. दोघींचे हात थरथरले, मग स्थिरावले. भुसा उडून समोर, वर, अंगावर पडत राहिला. काप थोडा तिरका गेला. तुकडा पडला तेव्हा थोरलीने बटण सोडलं.

“वाकडा झाला,” ती म्हणाली.

“शेगडीला कुठे कळतंय?”

बस वेळेवर आली. पुतणीने बॅग वर टाकली, आईला खिडकीशी बसवलं, खाली उतरून काकूला मिठी मारली आणि पुन्हा चढली. थंडीमुळे बसच्या काचा बंद होत्या. धाकटी खिडकीखाली उभी राहिली. आतून थोरली काहीतरी सांगत होती. ओठ हलताना दिसत होते. धाकटीने ऐकू आल्यासारखी मान हलवली.

तेव्हा तिला दिसलं, थोरलीच्या कानामागच्या पांढऱ्या केसांत भुशाचे पिवळे कण तसेच अडकून राहिले होते. कपडे झटकले, केस राहून गेले. आता लोक बघतील. धाकटीने काचेपर्यंत हात उंचावला, खांदा दुखला तरी, आणि बोटांनी झटकून दाखवलं, इथे, कानामागे, इथे.

थोरलीला वाटलं, ती निरोप देते आहे. तिनेही हात वर केला आणि बस वळणाआड जाईपर्यंत तो खाली घेतला नाही.