बारावा चिमटा

मी चिमटा बोलतोय. स्वयंपाकघरातला नव्हे हं. त्याचं नशीब थोर, तो हरवला तर ओट्याखाली सापडतो, त्याच्यासाठी कुणाचं पोट उघडावं लागत नाही. मी ऑपरेशनच्या टेबलावरचा. वाहती रक्तवाहिनी धरायची आणि 'सोड' म्हणेपर्यंत सोडायची नाही, एवढंच माझं काम. मुठीपाशी मला तीन दाते आहेत. दाबलं की वाजतात: टक्, टक्, टक्. एरवी माझी बोली तेवढीच. आज जरा जास्त बोलणार आहे, कंटाळू नका.

माझा जन्म सियालकोटातल्या एका पत्र्याच्या शेडमधला. तापवलं, ठोकलं, घासलं. शेवटी कानस फिरवणारा म्हातारा कारागीर प्रत्येक चिमटा कानाशी धरून वाजवून बघायचा. माझा दुसरा दाता इतरांपेक्षा खणखणीत वाजला. म्हातारा हसला आणि म्हणाला, "हा बडबड्या आहे. असू दे, कधीतरी कामाला येईल." मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

तिथून बोटीने अमेरिकेत आणि मग ट्रकने केंटकीच्या डोंगरांतल्या एका लहानशा हॉस्पिटलात. आम्ही बारा भाऊ एका ट्रेमध्ये राहायचो. आम्हाला धुणारी, लावणारी, सर्जनच्या हातात देणारी बाई म्हणजे व्हर्ना स्टिल्टनर. तेव्हा ती पस्तिशीची होती. सर्जनने नुसता हात पुढे केला की हवं ते अवजार त्याच्या तळव्यात बसलेलं असायचं. हातात जादू होती तिच्या. तोंडही तसंच तिखट. "डॉक्टर, हात पुसा आधी, मासळीबाजारात आलात काय?" असं भल्याभल्यांना सुनवायची.

या लोकांचा एक दंडक आहे. पोट शिवण्याआधी गणती करायची. टेबलापाशी उभी असलेली बाई एकेका अवजाराला बोट लावून मोठ्याने आकडा म्हणते, समोरची नर्स ते डोळ्यांनी बघते आणि फळ्यावर लिहिते. न बघता मोजायचं नाही आणि न मोजता 'बरोबर' म्हणायचं नाही. एवढं साधं आहे. पण साध्या गोष्टीच माणसांना जड जातात.

त्या दिवशी थँक्सगिव्हिंगची सुट्टी उद्यावर आली होती. घाटात बर्फ पडायला लागलं होतं आणि जो तो घड्याळाकडे बघत होता. टेबलावर हॉबर्ट नावाचा माणूस होता. आयुष्यभर शाळेची बस चालवलेला, आतड्याच्या दुखण्याने आलेला. काम छान झालं होतं. नर्सने विचारलं, "चिमटे?" व्हर्नासमोर अकरा होते. बारावा टॉवेलखाली असणार, जातोय कुठे, असं तिला वाटलं. टॉवेल उचलायला किती वेळ लागतो? पण तिने नाही उचलला.

"बारा," ती म्हणाली.

नर्सने मान वर न करता बारा लिहिलं. मी टॉवेलखाली नव्हतो. मी हॉबर्टच्या आत, आतड्याच्या घडीखाली होतो. वरचा उजेड एकेका टाक्यासरशी अरुंद होत गेला आणि मग बंद झाला.

अकरा महिने मी तिथे राहिलो. आत ऊब होती, आणि ती ऊब मी कधीच विसरणार नाही. त्याचं काळीज मला सतत ऐकू यायचं. त्याची शीळ ऐकू यायची, त्याच्या बायकोचं, ओपलचं, भांडणं ऐकू यायचं. तो बूट बांधायला वाकला की माझ्यावर दाब यायचा आणि माझा दाता सरकायचा.

"ओपल, मी वाकलो की माझ्या आत काहीतरी वाजतं गं."

"वय वाजतंय तुझं. खाली बस आणि मक्याचा पाव खा."

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले वायू आहे. पुन्हा सांगितलं तेव्हा म्हणाले, मनाचे खेळ आहेत. मग एका दुपारी ओपलने त्याच्या पोटाला कान लावला. मी जीव तोडून वाजलो. टक्. बराच वेळ तिचा कान तसाच होता. दुसऱ्या दिवशी तिने त्याला दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नेलं आणि तिथल्या एक्स-रेच्या फोटोत मी दिसलो, पांढराशुभ्र, खडूने काढल्यासारखा.

मला बाहेर काढलं. पण विष अंगभर पसरलं होतं. चौथ्या दिवशी हॉबर्ट गेला. मी माणसं वाचवायला जन्मलो होतो हो! हे दुःख मी कुणाला सांगू?

चौकशी झाली, कागद झाले, वर्ष गेलं. फळ्यावर बारा लिहिलेलं होतं, त्यामुळे नेमकं चुकलं कुणाचं हे कागदावर शेवटपर्यंत ठरलं नाही. मग एका सकाळी ओपल व्हर्नाच्या दारात आली. कागदपत्रांबरोबर परत मिळालेली छोटी डबी तिच्या हातात होती, आत मी. व्हर्ना म्हणाली, "आत या, कॉफी ठेवते." ओपल उंबऱ्यातच उभी राहिली.

"हा तुमचा," डबी पुढे करत ती म्हणाली. "मोजून घ्या."

एवढं बोलून ती गेली. व्हर्नाने हॉस्पिटल सोडलं आणि गावाबाहेरच्या कम्युनिटी कॉलेजात शिकवायला लागली. सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे टेबलापाशी अवजारं सांभाळणारे, व्हायला येणारी पोरं म्हणजे कोण? कोणी कोंबड्या कापायच्या कारखान्यातून आलेली, कोणी खाण बंद पडली म्हणून आलेला. त्यांना ती हात धुण्यापासून शिकवायची. कॉलेजात एक खोटं ऑपरेशन थिएटर आहे. त्यात टेबलावर एक रबरी पुतळा झोपलेला असतो, त्याचं पोट उघडतं आणि शिवता येतं. व्हर्नाने त्याचं नाव हॉबर्ट ठेवलं. पोरांना ती गंमत वाटायची. "गुड मॉर्निंग हॉबर्ट, नाश्ता झाला का?" म्हणत त्याच्या गालावर चापटी मारायची. व्हर्ना तेवढ्यापुरती खिडकीबाहेर बघायची.

दर परीक्षेच्या दिवशी ती मला गुपचूप त्या पुतळ्याच्या पोटात लपवायची. यादीत बारा आणि टेबलावर अकरा. जो सवयीने "बारा, बरोबर" म्हणेल तो नापास. अशी चौदा वर्षं गेली. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण मुठीत काय आहे ते मला ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. जेवणाच्या सुट्टीत व्हर्ना एकटीच त्या खोलीत बसायची. मी ट्रेमध्ये, दाते घट्ट मिटलेले. आणि पुतळ्याच्या पोटातून आवाज यायचा: टक्. व्हर्ना हातातलं सँडविच खाली ठेवायची. शपथेवर सांगतो, तो आवाज माझा नव्हता.

मग डार्ला आली. चौतिशीची, दोन पोरींची आई. कोंबड्या कापायचं काम सोडून, संध्याकाळी एका खानावळीत भांडी घासून शिकत होती. हात चांगला होता, पण स्वभाव अवघड. तिसऱ्याच आठवड्यात, सगळ्यांच्या पाठी वळलेल्या असताना ती ओरडली, "मिस व्हर्ना, माझं धुतलेलं कोपर भिंतीला लागलं!"

"कुणी बघितलं?"

"कुणीच नाही. मी बघितलं ना."

"मग उभी काय राहिलीस? जा, परत धू हात."

वर्ग हसला. व्हर्ना हसली नाही. त्या दिवसापासून डार्ला तिच्या जिवाची झाली. पण या सारखं पुन्हा धुण्यापायी डार्लाचा वेळ जायचा. परीक्षेला चाळीस मिनिटं मिळतात, पहिल्या खेपेला तिला एकावन्न लागली आणि ती नापास झाली. दुसरी खेप शेवटची. त्यातही वेळ चुकली तर कॉलेज बंद, हॉस्पिटलातली ठरलेली नोकरी गेली आणि परत कोंबड्या.

त्या खेपेच्या सकाळी व्हर्नाने मला हातात घेतलं. "आज नाही," ती पुटपुटली. "त्या पोरीला आज नको." तिने मला फडक्यात गुंडाळून आपल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि यादीतला बारा खोडून अकरा केला. चांगल्या मनाने केलं. पण पुन्हा एकदा तिने सोयीने आकडा ठरवला होता.

ड्रॉवरमध्ये अंधार होता, पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास होता. मी पडून राहिलो. दहा वाजल्याची घंटा ऐकली.

मग ऊब आली.

ही ऊब माझ्या ओळखीची होती. फडकं नव्हतं, वास नव्हता. अंधार तोच, पण ओला. आणि अगदी जवळून, सावकाश, काळीज ऐकू येत होतं.

वरून आवाज आले. सर्जन म्हणून दरवेळी येतात ते निवृत्त डॉक्टर पेल्फ्री कुरकुरत होते, "चला, शिवायला घ्या. मला दुपारी मासे धरायला जायचंय." फळ्यापाशी कोडी नावाचा वर्गबंधू होता. डार्ला बोट लावून मोजत होती. "...नऊ, दहा, अकरा."

"अकरा," कोडी म्हणाला. "यादीत अकरा. जमलं गं डार्ला! म्हण बरोबर."

डॉक्टरांनी टाका घालायला पोट दाबलं. मी वाजलो. डार्लाचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

"डॉक्टर, थांबा. आत काहीतरी आहे."

"आत रबर आहे, बाई. यादीत अकरा, टेबलावर अकरा. आता काय निमंत्रणपत्रिका छापू?"

"हात घालून बघा. मी ऐकलं."

भिंतीपाशी उभी असलेली व्हर्ना न राहवून बोलली, "डार्ला, अकराच आहेत. यादी मी स्वतः केलीय. दोन मिनिटं उरलीत तुझी. बरोबर म्हण आणि मोकळी हो."

डार्ला रडकुंडीला आली होती. "यादी बरोबर असेल, मिस व्हर्ना. पण ऐकलं ते ऐकलं. घरी दोन पोरी आहेत माझ्या, मला का हौस आहे नापास व्हायची? पण मी नाही म्हणणार बरोबर. वेळ गेली तर जाऊ दे."

वेळ गेली. टेबलावरचं घड्याळ वाजलं. डॉक्टर पेल्फ्रींनी सुस्कारा टाकून हात आत घातला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे गरम का आहे?" ते म्हणाले. आणि त्यांनी मला बाहेर काढलं.

व्हर्नाचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला. ती शेजारच्या खोलीत गेली, कुलूप उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात नुसतं फडकं होतं, माझ्या आकाराची घडी पडलेलं. ती स्टुलावर बसली.

"अकराच होते," ती म्हणाली.

"होय मिस व्हर्ना, टेबलावर अकरा—" कोडी चाचरला.

"त्या दिवशी. त्या दिवशी मला अकराच दिसले होते. मी बारा म्हणाले." मग तिने सगळं सांगितलं. टॉवेल, बर्फ, हॉबर्ट, ओपल, डबी. पुतळ्याचं नाव कुणाचं तेही. चापटी मारणारी पोरं खाली मान घालून उभी होती.

शेवटी डार्लाने नाक ओढत विचारलं, "म्हणजे मी नापास ना?"

"घड्याळात नापास," व्हर्ना म्हणाली. "पण घड्याळ सही करत नाही, मी करते. उद्या माझं पोट उघडायची वेळ आली ना पोरी, तर टेबलापाशी तूच उभी राहा." आणि तिने कागद ओढून सही केली.

त्या रविवारी व्हर्ना मला घेऊन ओपलकडे गेली. ओपल आता ऐंशीची. व्हर्ना या खेपेला उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "अकरा होते. मला माहीत होतं, तरी मी बारा म्हणाले."

"सोळा वर्षं लागली तुला," ओपल म्हणाली. "ये आत." दोघींनी कॉफी घेतली, दोघी रडल्या. मग टेकडीवर जाऊन त्यांनी मला हॉबर्टच्या शेजारी मातीत पुरलं. ओपलने बागेतल्या खुरप्याने स्वतः खड्डा केला, चांगला हातभर खोल.

तेव्हापासून मी इथेच आहे. डार्ला आता हॉस्पिटलात आहे, आणि शिवण्याआधी पोटापाशी कान नेते म्हणून लोक तिला हसतात म्हणे. हसू देत. व्हर्ना अजून शिकवते. मला वाटलं होतं, आता झोपायचं. माती गार असते, गंज हळूहळू चढतो, वाईट नाही तसं.

पण आज सकाळी घंटा ऐकू आली, दहाची. नव्या तुकडीची परीक्षा. आणि माती आता गार नाही.

वर कुणीतरी मोजतंय. कोवळा आवाज आहे, घाईत आहे. नऊ, दहा, अकरा. यादीतही अकराच असणार. पोरी, तुझं काही चुकलेलं नाही, मला ठाऊक आहे. तरी शेवटचा टाका घालण्याआधी हात थांबव आणि जरा कान दे. मी वाजतोय.