पोटरीवरचं जाळं

अनसूयेच्या डाव्या पोटरीवर लाल-निळ्या बारीक रेघांचं जाळं उठलंय, हे पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या धाकट्या जावेनं, शकूनं. अनसूया न्हाणीच्या दाराशी पाय धूत होती, नऊवारीचे काठ वर खोचलेले. शकू मागून आली आणि थबकली.

"अगं बाई! जाऊबाई, कोळी फिरला वाटते पायावर. मकडी मल गई!"

"दुखत नाही, खाजत नाही. कोळी कुठचा?"

शकू ऐकते कशाला? कोळ्याच्या डागावर आमचूर लावतात हे तिला शेजारच्या मिसरानीनं सांगितलं होतं. तिनं आमचूर कालवून लेप थापलाच. सकाळी कातडी भाजल्यासारखी झाली, चार दिवसांनी तिची साल निघाली आणि सालीखाली रेघा जशाच्या तशा. उलट एक आणखी खाली घोट्याकडे उतरलेली.

तेव्हा शकू घाबरली. हे कोळ्याचं नाही, काही लागट, दुसऱ्याला चिकटणारं दिसते, असं तिनं ठरवलं. तिच्या सहा महिन्यांच्या बाळाला रोज न्हाऊ घालायची ती अनसूया. त्या दिवशी तिनं हात पुढे केले तर शकूनं बाळ खांद्यावर घट्ट धरलं.

"काही दिवस राहू द्या, जाऊबाई. मीच करते."

अनसूयेचा नवरा भाऊराव या हिंदी मुलखातल्या शहरात कचेरीत कारकून. त्याला सांगितलं तर म्हणाला, "तिच्या मनात भरलंय. तू काहून जिवाला लावून घेऊन राहिलीस? होईल बरं."

"काय होईल बरं? मला झालंय काय, ते तरी कोणी सांगून राहिलं का?"

शेवटी तीच उठली. शकूला आणि बाळाला टांग्यात बसवून बायकांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या बंगाली डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून पोटरी न्याहाळली. एका रेघेवर बोट दाबलं. रेघ नाहीशी झाली. बोट उचललं, पुन्हा भरली.

"खून है. और कुछ नहीं," त्या म्हणाल्या. मग हिंदीतच, सावकाश, समजावून सांगू लागल्या. कातडीच्या लगोलग खाली केसासारख्या बारीक शिरा असतात. काहींच्या त्या सैल पडतात, फुगतात आणि वरून दिसू लागतात. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. "माँ के पैर में था?"

होतं. आईच्या दोन्ही पायांवर होतं. आजवर अनसूयेला ते आठवलंच नव्हतं.

"काम क्या करती हो?"

"लड़कियों के स्कूल में हिसाब पढ़ाती हूँ. दिनभर खड़ी."

"खड़े रहने से खून नीचे जमा होता है. उससे भी बढ़ता है."

"तो दवा दीजिए."

डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. जाड शिरांत सुई घालून औषध सोडतात, शीर आक्रसते. पण इतक्या बारीक शिरेत त्यांच्याकडची सुई जात नाही. बाहेर सांडलं तर तिथे जखम होते, काळा डाग पडतो. त्यापेक्षा पट्टी गुंडाळा, घरी पाय उशीवर ठेवून पडा, शाळेत बसून शिकवा. पाय भरून येणं कमी होईल. रेघा मात्र राहणार.

"म्हणजे मी आले कशाला?" अनसूया मराठीतच बोलून गेली.

परतताना ती शकूला म्हणाली, "ऐकलंस ना? लागट नाही. त्यांनी बोटानं दाबून पाहिलं."

"त्या बाईनं मग साबणानं हात धुतले, जाऊबाई. मी पाहिलं."

बाजारातल्या कारंज्याशी, बड्या फुहाऱ्याशी, अनसूयेनं टांगा थांबवला. तिथे उतरून तिनं पट्टीसाठी कापड घेतलं.

सोमवारी ती मुख्याध्यापिकेकडे, सगळ्यांच्या बडी बहनजींकडे, खुर्ची मागायला गेली. शाळेत शिक्षिकांनी उभ्यानंच शिकवायचं, असा दंडक होता.

"बीमारी क्या है?" बडी बहनजींनी विचारलं.

"पैर की नसें हैं, जी. फूल गई हैं."

"डॉक्टरनी क्या बोली?"

अनसूयेला खोटं बोलता आलं नाही. "बोलीं, बीमारी नहीं है."

"तो फिर कुर्सी काहे को?"

 घरी 'रोग नाही' हाच शब्द अनसूया गळा फोडून सांगत होती, कोणी मानत नव्हतं. इथे एका फटक्यात मानला.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात गेली, मुलींच्या तरटपट्टीवर त्यांच्यात मांडी घालून बसली आणि एकीच्या पाटीवर व्यवहारी अपूर्णांक मांडू लागली. मुली भोवती कोंडाळं करून वाकल्या. असं दोन-तीन दिवस छान चाललं. मग बडी बहनजी दारात आल्या.

"उठिए, बहनजी."

मुली पटापट उभ्या राहिल्या. अनसूया बसूनच राहिली. "मैं नहीं उठूँगी, जी. हिसाब बैठके भी वही आता है."

नोकरी गेली नाही. मॅट्रिक झालेली शिक्षिका हातची कोण घालवणार? पण पुढच्या आठवड्यापासून गणित दुसऱ्या बाईंकडे गेलं आणि अनसूयेकडे शिवण आली. शिवणीला बसायला परवानगीच होती.

घरी काही दिवसांनी शकूला ताप भरला. बाळ रडून रडून निळं पडायला लागलं, तेव्हा तिनं ते मुकाट्यानं अनसूयेच्या मांडीवर ठेवलं. बरी झाल्यावरही बाळाचं न्हाणं अनसूयेकडेच राहू दिलं. माझं चुकलं, असंही कधी म्हणाली नाही. "एकदा म्हणाली असती तर काय बिघडलं असतं?" अनसूया भाऊरावाला म्हणाली. तो म्हणाला, "झालं ना आता? चलो, सोड."

पाय खरंच हलके झाले होते. संध्याकाळी पोटऱ्या दगडासारख्या होत नव्हत्या. उजव्या पायावर मात्र एक नवी रेघ आली होती.

शिवणीचा वर्ग गणिताच्या वर्गाला लागून होता, मधे नुसती फळ्यांची भिंत. एका दुपारी मुली काजं शिवत होत्या. पलीकडून एका सुरात आवाज आला, "एक द्वितीयांश और एक तृतीयांश मिलके दो पंचमांश!" नव्या बाई म्हणाल्या, "शाबास."

अनसूयेनं दातानं दोरा तोडला. "चूक आहे," ती म्हणाली. समोरच्या मुलीनं दचकून आपलं काज पाहिलं.

"तुझं नाही गं," अनसूया म्हणाली. "तू शीव."